मागचा ॲक्सल नवा बांधला, गाडी खाली बसवली आणि ताशी साठ मैलांवर थरथर सुरू झाली : कुठून तपासायला लागावं

१९६८ ते १९७० च्या प्लिमथ रोड रनर, सॅटेलाइट, डॉज चार्जर आणि कॉरोनेट या गाड्या खालून पाहिल्या तर जवळजवळ सारख्याच. पुढे स्प्रिंगचं काम करणारे टॉर्शन बार, मागे पाटे, आणि बहुतेक गाड्यांत क्रायस्लरचा पावणेनऊ इंची ॲक्सल. हेमी इंजिन आणि चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स असलेल्या गाड्यांना डेना ६० हा वेगळा, जास्त दणकट ॲक्सल मिळायचा. त्या मालकांनी सेंटर सेक्शनबद्दलचा (ॲक्सलच्या मधल्या, गिअर असलेल्या भागाबद्दलचा) भाग सोडून द्यावा, बाकी सगळं त्यांनाही लागू आहे.

यातल्या पुष्कळ गाड्या डेट्रॉइटच्या लिंच रोड कारखान्यातून बाहेर पडल्या आणि आजही मिशिगनच्या गॅरेजांतून त्या मोठ्या संख्येने दिसतात. माझं काम इथेच चालतं, आणि एकच बिघाड पुन्हा पुन्हा माझ्यासमोर येतो. मालकाने हिवाळ्यात ॲक्सल उतरवून नवी बेअरिंग, नवे सील, बऱ्याचदा नवं क्राऊन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधल्या मुख्य गिअरची जोडी, घातलेलं असतं. त्याच वेळी मागची बाजू दीड-दोन इंच खाली आणलेली असते. उन्हाळ्यात गाडी फ्रीवेवर जाते आणि थरथरायला लागते. मालकाची खात्री असते की गिअर चुकीचे बसले. बहुतेक वेळा गिअर ठीक असतात, बिघडलेला असतो तो कोन. गाडी खाली आली की गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा उतार बदलतो आणि पिनियनचं नाक, म्हणजे त्याचं पुढचं टोक, हलतं. हे मोजण्याआधी सेंटर सेक्शन पुन्हा उघडू नका, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

लक्षणं

मुख्य लक्षण म्हणजे ५५ ते ७० मैलांच्या दरम्यान सीटखाली आणि पायाखालच्या पत्र्यात जाणवणारी बारीक, जलद थरथर. आतल्या आरशातलं चित्र पुसट होतं, पण स्टिअरिंग शांत असतं. स्टिअरिंग हातात हलत असेल तर बिघाड पुढच्या चाकांकडे शोधा, हा लेख बाजूला ठेवा.

त्याच्या जोडीने यातलं एक किंवा अनेक दिसू शकतं :

– ॲक्सलेटर दाबला की थरथर वाढते आणि सोडला की जाते, किंवा बरोबर याच्या उलट.
– मागून एकसुरी हुंकार येतो, आणि तो वेगाप्रमाणे वर-खाली होतो.
– रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकताना मागे ‘टक्’ असा धक्का बसतो.
– रस्त्याच्या उंचवट्यावर मागच्या सीटखाली लोखंडावर घण मारल्यासारखा आवाज येतो.
– एकाच बाजूचा टायर फेंडरच्या कडेला घासतो.
– ड्रमच्या आत किंवा पिनियनच्या सीलपाशी तेलाची ओल दिसते.

आधी गाडीत बसून

ही तपासणी फुकट आहे आणि निम्मा शोध इथेच लागतो. मोकळ्या रस्त्यावर थरथर येते त्या वेगाच्या थोडं वर जा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि गाडी आपोआप मंदावू द्या. त्याच वेगाला थरथर परत आली तर इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टर संशयातून सुटले. आता प्रश्न गिअरबॉक्सच्या मागे आहे.

मग फोनमध्ये कंपन मोजणारं एखादं मोफत ॲप घाला, फोन मधल्या कन्सोलवर घट्ट बसवा आणि ताशी ६० मैल स्थिर ठेवा. वाचन शेजारी बसलेल्या माणसाला करू द्या. आकडे असे समजायचे : २६ इंच व्यासाचा टायर ६० मैलांना मिनिटाला सुमारे ७७५ वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला तेरा वेळा. ॲक्सलचा गिअर रेशो ३.२३ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रॉपेलर शाफ्ट ३.२३ वेळा फिरत असेल, तर शाफ्ट सेकंदाला सुमारे ४२ वेळा फिरतो, ३.९१ असेल तर सुमारे ५०. ॲपवर १३ हर्ट्झच्या आसपास टोक दिसलं तर चाक किंवा टायर बघा. ४२ किंवा ५० दिसलं तर शाफ्टचं संतुलन बघा. त्याच्या दुप्पट, म्हणजे ८४ किंवा १०० दिसलं तर क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचा, कोन. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. पुढच्या आणि मागच्या क्रॉसचे कोन सारखे असले की हे चढ-उतार एकमेकांना खाऊन टाकतात. सारखे नसले की उरलेली थरथर तुमच्या सीटपर्यंत येते.

एक गोष्ट मालकांच्या लक्षात येत नाही. ३.२३ काढून ३.९१ घातलं की त्याच रस्त्याच्या वेगाला शाफ्ट एकवीस टक्के जास्त फिरतो, आणि असंतुलनाचा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढत असल्याने तो जवळजवळ दीडपट होतो. जुना शाफ्ट पन्नास वर्षं गप्प होता आणि आता बोलतो, त्यात नव्या गिअरचा दोष नसतो.

चाकं आणि टायर

हवा बघा, टायरवर फुगवटा आहे का बघा, मागची चाकं पुढे आणि पुढची मागे टाकून फेरी मारा. थरथर सीटखालून स्टिअरिंगमध्ये गेली तर शोध संपला.

चाकं काढताना काळजी घ्या : १९७० पर्यंतच्या प्लिमथ आणि डॉजच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असतात. बोल्टच्या टोकावर बहुधा ‘एल’ कोरलेला असतो. गंजलेल्या बोल्टवर तो दिसत नाही, आणि माणूस नेहमीच्या दिशेने न्यूमॅटिक गन लावून एकामागून एक बोल्ट मोडत जातो. ॲक्सल नवा बांधताना कोणी सगळे बोल्ट सरळ आट्यांचे घातले असतील तर तेही बघून ठेवा. एकाच चाकावर दोन्ही प्रकार मिसळलेले मी पाहिले आहेत, आणि तसं चाक कधीच नीट आवळलं जात नाही.

तेल आणि श्वासनळी

भरायच्या बुचाच्या कडेपर्यंत तेल असलं पाहिजे. पावणेनऊ इंची ॲक्सलमध्ये दोन लिटरच्या आसपास मावतं. बोट आत घाला आणि बाहेर काढून उजेडात धरा. नवे गिअर घासून बसताना राखाडी पीठ येणं साहजिक आहे. बोटाला टोचणारी चमचमती कपची येणं साहजिक नाही. कपची दिसली तर गाडी तिथेच उभी करा आणि सरळ लेखाच्या शेवटच्या भागाकडे जा.

शूअर ग्रिप (एकटं चाक घसरू न देणारं) डिफरन्शियल असेल आणि पार्किंगमध्ये पूर्ण वळताना मागे कडकड आवाज येत असेल, तर तेलात घालायचं खास रसायन, फ्रिक्शन मॉडिफायर, टाकलाय का ते आधी विचारा. एका बाटलीने जाणाऱ्या आवाजासाठी अख्खं डिफरन्शियल उघडलेलं मी पाहिलं आहे.

हाउसिंगच्या नळीवर एक छोटी श्वासनळी असते. हाउसिंग वाळूने साफ करून रंगवलं की ती रंगाने किंवा वाळूने बुजते. गरम झालेली हवा मग सीलमधून वाट काढते आणि तेल ड्रममध्ये उतरतं. नवे सील गळायला लागले की लोक पुन्हा नवे सील आणतात. आधी श्वासनळीतून फुंकर मारून बघा.

गाडीखाली, डोळ्यांनी आणि हातांनी

गाडी सपाट काँक्रीटवर, चारी बाजूंनी स्टँडवर घ्या. बंपर जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. आणि मागची चाकं हवेत फिरवत इंजिन चालू ठेवून शाफ्ट बघण्याचा प्रकार घरी करू नका, त्याने माणसं मेली आहेत.

आधी शाफ्ट बघा. त्यावर डांबर किंवा अंडरकोटिंगचा थर चढलाय का, जोडलेलं वजन पडून त्या जागी वेल्डिंगचे दोन चमकते ठिपके उरलेत का, कुठे पोचा आहे का. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुहेरी कान, एका रेषेत आहेत का, तेही तिथेच दिसतं. मग शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि गोल हलवा. क्रॉसमध्ये हाताला जाणवेल एवढी ढिलाई म्हणजे क्रॉस गेला.

मागच्या क्रॉसकडे जरा थांबून बघा. या गाड्यांत ७२६० आणि ७२९० असे दोन मापांचे क्रॉस येतात. टोप्यांचा व्यास सारखाच, रुंदी वेगळी : पहिला सव्वादोन इंचांपेक्षा जरा अरुंद, दुसरा अडीच इंचांपेक्षा जरा रुंद. ॲक्सल दुसऱ्या गाडीतून आणला असेल तर योक एका मापाचा आणि शाफ्ट दुसऱ्या मापाचा निघतो. मग कोणीतरी ओढूनताणून बसवतो. टोपी योकच्या दोन्ही कानांमध्ये नीट टेकलेली नसेल, एका बाजूला केसाएवढी फट असेल, तर शाफ्ट मध्यावरून सरकून फिरतो आणि जगातला कुठलाही कोन ती थरथर थांबवणार नाही. दोन मापं जोडणारे खास क्रॉस मिळतात, ते आणा. पट्ट्या आणि त्यांचे बोल्ट नवे घाला.

आता पिनियनच्या नाकावरचा रबराचा स्नबर बघा. हा क्रायस्लरचा खास भाग. ॲक्सलेटर दाबल्यावर पिनियनचं नाक वर उठतं, ते या रबरावर टेकून थांबतं. गाडी दोन इंच खाली आली की नाक आणि वरचा पत्रा यांच्यातली फट तेवढीच कमी होते. साध्या उंचवट्यावर रबर पत्र्यावर आदळतं, आणि सीटखालचा घणाचा आवाज तो असतो. पत्र्यावर ताजा काळा ठसा दिसेल. कमी उंचीचा स्नबर घाला. काढून फेकून देऊ नका, पाट्यांना पीळ पडायला मग अडवणारं काहीच उरत नाही. हाउसिंग आणि बॉडीच्या मधले बंप स्टॉपही त्याच नजरेने बघा. एक्झॉस्टचा पाइप ॲक्सलच्या नळीला टेकत नाही ना, ब्रेकचा रबरी पाइप ताणला किंवा घासला जात नाही ना, हँडब्रेकची केबल लोंबत नाही ना, यालाही दोन मिनिटं द्या.

पाटे, ठोकळे आणि यू-बोल्ट

महिंद्राच्या जीपखाली किंवा ॲम्बॅसॅडरखाली काम केलेल्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. या गाड्यांत पाटे ॲक्सलच्या खाली असतात. गाडी खाली आणायला पाटा आणि ॲक्सलची बैठक यांच्यात ठोकळा घालतात, नाहीतर कमी कमानीचे पाटे आणतात.

ठोकळा एका बाजूला एकच हवा. एकावर एक रचलेले ठोकळे दिसले की गाडी रस्त्यावर नेऊ नका. ठोकळ्याचं भोक पाट्याच्या मधल्या बोल्टच्या डोक्यावर आणि ठोकळ्याची खुंटी बैठकीच्या भोकात नीट उतरलेली हवी. ती अर्धवट बसली असेल तर ॲक्सल तिरका होतो आणि एक टायर घासतो. यू-बोल्ट नवे, लांब आणि योग्य व्यासाचे घ्या. जुने यू-बोल्ट एकदा ताणलेले असतात, पुन्हा वापरू नका.

पाट्यांची डावी-उजवी अदलाबदल झालेली नाही ना, तेही बघा. ताकदवान इंजिनांच्या गाड्यांना क्रायस्लरने दोन्ही बाजूंना वेगळे पाटे दिले होते. ॲक्सलेटर दाबल्यावर एका बाजूला पडणारा जादा पीळ सावरण्यासाठी हे केलं होतं. उलटे लागले तर गाडी तिरकी उभी राहते, आणि लोक ती ठोकळ्याने सरळ करायला बघतात.

कमी कमानीचा पाटा लांब होतो, त्यामुळे मागचं शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक धरणारा झुलता दुवा, आणखी मागे झुकतं. शॅकल जवळजवळ आडवं पडलं असेल किंवा चॅसिसला टेकत असेल तर पाट्याला हलायला जागा उरलेली नाही.

पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा, म्हणजे टोकाच्या गोल वळणाचा, बोल्ट आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. लोंबत्या पाट्यावर आवळला तर रबराचा बुश कायम पिळलेला राहतो, गाडी हव्या त्या उंचीवर बसत नाही आणि बुश लवकर फाटतो. हा बोल्ट सैल करून, गाडी खाली सोडून, थोडी पुढे-मागे ढकलून पुन्हा आवळणं हे दहा मिनिटांचं काम आहे. उंचीची तक्रार त्यानेच मिटल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

मग टेप घ्या. दोन्ही बाजूंना पुढच्या डोळ्याच्या बोल्टच्या मध्यापासून ॲक्सलच्या नळीच्या मध्यापर्यंत मोजा. पाव इंचापेक्षा जास्त फरक असेल तर ॲक्सल तिरका आहे. नंतर टायरच्या आतल्या भिंतीपासून चॅसिसच्या रेलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. फेंडरपासून मोजू नका, पन्नास वर्षांच्या गाडीचे फेंडर एकसारखे असण्याची खात्री नाही.

कोन : इथे वेळ द्या

तीस-चाळीस डॉलरचं डिजिटल अँगल गेज पुरतं. चूक मापात होत नाही, गाडी कशी उभी आहे त्यात होते. चॅसिसवर स्टँड लावून ॲक्सल लोंबत ठेवून घेतलेलं माप निरुपयोगी आहे. वजन चाकांवर हवं : चार खांबांची लिफ्ट, किंवा रॅम्प, किंवा मागे ॲक्सलच्या नळीखाली आणि पुढे खालच्या कंट्रोल आर्मखाली स्टँड. पेट्रोलची टाकी निम्मी तरी भरलेली असू द्या. बंपर दाबून सोडा, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतील.

तीन मापं घ्या. पहिलं, इंजिनच्या पुढच्या डँपरच्या सपाट चेहऱ्यावर, त्यावरून गिअरबॉक्सच्या शाफ्टचा उतार मिळतो. दुसरं, प्रॉपेलर शाफ्टच्या नळीवर. तिसरं, मागच्या योकच्या घासलेल्या सपाट भागावर, शाफ्ट फिरवून तो भाग सरळ उभा आणून. मागे जाताना खाली उतरणारी रेषा अधिक, वर चढणारी उणे, असं कागदावर लिहून ठेवा, नाहीतर गोंधळ होणारच.

एक उदाहरण घ्या. गिअरबॉक्स +३ अंश, शाफ्ट +१.५ अंश. पुढच्या क्रॉसचा कोन दोघांतला फरक, म्हणजे १.५. पिनियनही +३ असेल तर मागचा कोनही १.५, दोन्ही सारखे. पण पाट्यांच्या गाडीत ॲक्सलेटर दाबला की नाक वर उठतं, म्हणून उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खाली ठेवायचं. या गाडीत पिनियन +१ ते +२ असावं. कमी कमानीचे पाटे घातल्यावर मात्र ते –२ पर्यंत गेलेलं आढळतं, कारण या पाट्यांचा पुढचा भाग मागच्यापेक्षा आखूड असतो आणि ॲक्सल वर सरकताना नाक खाली झुकतं. तेव्हा मागचा कोन ३.५ होतो आणि पुढचा १.५ राहतो. दोन अंशांचा हा फरक म्हणजेच तुमची थरथर.

सरळ ठोकळ्यांनी गाडी खाली आणली असेल तर पिनियन गिअरबॉक्सशी समांतर राहतं, बदलतो तो शाफ्टचा उतार. दोन इंच ॲक्सल वर गेला की साधारण पंचावन्न इंचांचा शाफ्ट सुमारे दोन अंशांनी फिरतो. दोन्ही क्रॉसचे कोन एकत्रच बदलतात, म्हणून थरथर क्वचित येते, पण कोन शून्यावर येणं चांगलं नाही. क्रॉसच्या सुया फिरतच नाहीत, एकाच जागी ठोके खात राहतात आणि टोपीत खाचा पडतात. निदान अर्धा अंश तरी हवा, आणि तीनपेक्षा जास्त नको.

गाडीत बसून जे जाणवलं होतं ते इथे जुळवून बघा. ॲक्सलेटर दाबल्यावर थरथर कमी होत असेल तर नाक खाली आहे, कारण दाबल्यावर ते वर उठून योग्य जागी येतं. दाबल्यावर वाढत असेल तर नाक आधीच वर आहे.

दुरुस्ती सोपी आहे : बैठक आणि पाटा यांच्यात पाचर. दोन, तीन, चार अंशांच्या मिळतात. जाड कड पुढे ठेवली तर नाक वर जातं, मागे ठेवली तर खाली. वरच्या उदाहरणात तीन अंशांची पाचर, जाड कड पुढे. ॲल्युमिनियमची मऊ पाचर चेपते, पोलादी घ्या. घातल्यावर मापं पुन्हा घ्या, कारण शाफ्टचा उतारही किंचित हलतो.

पाचर घालण्याआधी गिअरबॉक्सखालचं रबर मात्र बघाच. ते बसलं असेल तर गिअरबॉक्सची शेपटी खाली उतरते आणि सगळी मापं फसवी येतात. वीस-तीस डॉलरचं रबर बदलून अनेक गाड्या पाचरीशिवाय शांत झाल्या आहेत. पुढची बाजू टॉर्शन बारच्या बोल्टने खाली आणली असेल तर कोनांची काळजी करू नका, अख्खी गाडी एकत्र झुकते आणि आपापसांतले कोन तेच राहतात. पण चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. आणि तो बोल्ट फिरवताना पुढची चाकं हवेत हवीत, भाराखाली फिरवला तर आटे सोलवटतात.

ड्रॅग स्ट्रिपवरच्या गाडीचे आकडे वाचून नाक पाच-सात अंश खाली ठेवणारे भेटतात. रस्त्यावर शांतपणे धावायची गाडी असेल तर ते आकडे तुमचे नाहीत.

स्लिप योक आणि शाफ्टचं संतुलन

ॲक्सल हलला की शाफ्ट गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकतो. गाडी आपल्या उंचीवर असताना स्लिप योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक) पूर्ण आत ढकलल्याच्या जागेपासून पाऊण ते एक इंच बाहेर हवा. आत टेकत असेल तर मोठ्या खड्ड्यात गिअरबॉक्सचं शेपटाकडचं बेअरिंग मार खातं. फार बाहेर असेल तर योक हलतो आणि सील गळतो.

इथवर सगळं ठीक निघालं आणि ॲपवर ४२ किंवा ५० चं टोक कायम असेल, तर शाफ्ट काढून संतुलनाच्या दुकानात द्या. हे काम घरी होत नाही. शाफ्टवर होज क्लिप लावून वजन सरकवायचा जुना उपाय रात्री घरी पोहोचण्यापुरता ठीक आहे.

चाकाची बेअरिंग

मोकळ्या वळणावर हुंकार एका बाजूला वळताना वाढत असेल तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या. मूळ टेपर रोलर बेअरिंगच्या ॲक्सलमध्ये आत-बाहेरची ढिलाई उजव्या बाजूच्या फिरणाऱ्या रिंगने लावतात. दोन्ही ॲक्सल शाफ्ट मध्ये एका ठोकळ्यावर टेकतात, म्हणून एका बाजूने लावलेली ढिलाई दोन्हीकडे जाते. डायल गेजवर ०.०१३ ते ०.०१८ इंच मिळायला हवी. ॲक्सल नवा बांधताना ही रिंग नुसती घट्ट आवळून टाकली असेल तर बेअरिंग गरम होतं. वीस मैल चालवून ड्रमच्या मध्यावर हात धरून बघा, एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम असेल तर उत्तर मिळालं. सीलबंद बॉल बेअरिंग घातली असतील तर ही ढिलाई लावायची नसते.

सेंटर सेक्शन : इथे थांबा

हुंकार फक्त ॲक्सलेटर दाबल्यावर किंवा फक्त सोडल्यावर येत असेल, कोन आणि बेअरिंग बरोबर असतील, तरच गिअरवर बोट ठेवा. सेंटर सेक्शन पुढून निघतो, त्यामुळे तो काढून नेणं घरी जमतं, फक्त तो जड आहे, दोन माणसं लागतात. पुढचं काम घरचं नाही. पिनियनची खोली शिम घालून, क्राऊनचा बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) ०.००६ ते ०.००८ इंच ठेवून, दातांवर पिवळी पेस्ट लावून भाराखाली फिरवून ठसा वाचायचा असतो. ठसा वाचणं वर्षानुवर्षं ते काम करणाऱ्यालाच येतं, आणि चुकीच्या वाचनावर एक दिवस चाललेले गिअर पुन्हा शांत करता येत नाहीत.

दुकानात जाण्याआधी सेंटर सेक्शनच्या डाव्या बाजूच्या ओतीव आकड्यातले शेवटचे तीन अंक टिपून घ्या : ७४१, ७४२ किंवा ४८९. १९६९ पासून दिसणाऱ्या ४८९ मध्ये पिनियनच्या बेअरिंगांमध्ये दबणारी नळी असते, आधीच्या दोघांत शिम. हे कळणं गरजेचं आहे, कारण ४८९ चा सील बदलताना कोणी नट बेताल आवळला तर नळी जास्त दबते, बेअरिंगवर ताण येतो आणि काही शे मैलांत हुंकार सुरू होतो. सील बदलण्याआधी नट, शाफ्ट आणि योक यांच्यावर एका रेषेत खूण करून नट त्याच खुणेवर परत आणला होता का, हे ज्याने काम केलं त्याला विचारा.

याशिवाय पुढे हात घालू नये अशा आणखी काही जागा आहेत. तेलात धातूची कपची. हाउसिंगची नळी वाकलेली, म्हणजे चाकं सरळ असूनही टायर एकाच कडेने झिजतात. पाट्याच्या बैठकी नव्याने वेल्ड करायची गरज, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने नळी वाकते आणि ते जिगमध्ये करावं लागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा आधार किंवा शॅकलजवळची चॅसिसची रेल गंजलेली असणं. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं आणि ते नेमकं याच खोबणीत साचतं. स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. पत्रा आत गेला तर गाडी चालवायची नाही, टो करून चॅसिसचं वेल्डिंग करणाऱ्याकडे न्यायची. बाहेरून रंगवलेली, चकचकीत रोड रनर या एका जागी पोकळ निघालेली मी पाहिली आहे. ॲक्सलेटर दाबल्यावर पाट्याचा सगळा जोर तिथेच पडतो.

मेकॅनिककडे जाताना तुमची मापं कागदावर न्या : तीन कोन, दोन अंतरं, ॲपवरचा आकडा, आणि थरथर दाबल्यावर येते की सोडल्यावर. त्याचा निम्मा वेळ वाचतो आणि तो गिअर उघडायची घाई करत नाही.

गाडी परत आल्यावर नवे गिअर असतील तर पहिले पंधरा-वीस मैल हलक्या हाताने चालवा आणि ॲक्सल पूर्ण थंड होऊ द्या. साधारण शंभर मैलांनी यू-बोल्टचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, नव्या पाचरी आणि ठोकळे तोवर थोडे बसलेले असतात. पाचशे मैलांनी तेल बदला.